वॅक्स की स्किन: ऑस्लोत स्वतःची पहिली स्की घेताना

नोव्हेंबरात त्रिवानच्या डोंगरावर पांढरं दिसायला लागलं की इथल्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे गाडीचे टायर कधी बदलायचे. आणि दुसरा, क्लासिक स्की (आखलेल्या ट्रॅकमधून पाय पुढे-मागे सरकवत जायची) घ्यायचीच तर वॅक्सवाली घ्यावी की स्किनवाली. वॅक्सवालीला पकडीसाठी पावलाखाली मेणासारखं वॅक्स लावावं लागतं, स्किनवालीला तिथे केसांची पट्टी बसवलेलीच असते. पहिल्याचं उत्तर गॅरेजवाला देऊन मोकळा होतो. दुसऱ्याचं उत्तर ऑफिसातल्या प्रत्येक नॉर्वेजियन माणसाकडे तयार असतं आणि कुणाचंही कुणाशी जुळत नाही.

ज्यांनी एक-दोन हिवाळे भाड्याच्या नाहीतर उसन्या स्कीवर काढलेत, पडून-उठून झालंय, उतारावर ब्रेक लावता येतो आणि आता घरात आपली जोडी असावी असं वाटायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांबी, बाइंडिंग (स्कीवर बूट अडकवायची जागा), बूट यांत मी पडत नाही, ते दुकानदार नीट बघून देतात. स्केटिंग प्रकारात जाणार असाल तर हा प्रश्नच येत नाही, तिथे पकडीचं वॅक्स लागतच नाही. माझ्याकडे क्लासिकच्या दोन्ही जोड्या आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, त्यामुळे एकीला शिव्या आणि दुसरीची आरती असला प्रकार इथे होणार नाही. कल आहे, नाही असं नाही.

इथली स्कीची मासिकं आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या दर शरदात चाचण्या छापतात. गुण, तक्ते, विजेता, सगळं असतं. मी ते आवडीने वाचतो. पण चाचणी घेणारे लोक चालायला शिकले त्याच सुमारास स्कीवर उभे राहिलेले असतात. आपल्यातले बहुतेक जण तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा स्कीवर उभे राहिलो. हा फरक कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि माझ्या मते या निवडीत तोच बराचसा मोलाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी वॅक्सची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे.

फेब्रुवारी महिना, पारा उणे सहाच्या आसपास, रात्री पडलेला कोरडा बर्फ आणि पहाटे यंत्र फिरवून आखलेला ट्रॅक. स्विक्स कंपनीची ब्लू एक्स्ट्रा ही वॅक्सची कांडी काढायची, पावलाखालच्या भागावर दोन-तीन पातळ हात फिरवायचे, प्रत्येक हात बुचाने घासून गुळगुळीत करायचा, स्की बाहेर गार व्हायला ठेवायची आणि निघायचं. अशा दिवशी वॅक्सच्या स्कीला तोड नाही. पाय दाबला की ट्रॅक धरतो, पाय सोडला की जणू खालचं सगळं सुटून जातं. एका किकमध्ये इतकं लांब सरकायला होतं की पुढची किक मारायची घाई वाटत नाही. लिलेहामरच्या वरच्या अंगाला शुशोएनच्या पठारावर असा दिवस मिळाला तर स्किनचं नावसुद्धा काढू नये. ही ब्लू एक्स्ट्रा साधारण उणे एक ते उणे सातपर्यंत चालते, आणि नॉर्वेतल्या कित्येक घरांत वॅक्सची एकच कांडी असते, ती हीच.

त्यामागची गोष्ट समजायला अवघड नाही. थंडीत ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात. किक मारताना वजन पडलं की ती टोकं वॅक्समध्ये रुततात आणि स्की मागे सरकत नाही. वजन उचललं की टोकं सुटतात आणि स्की पुढे धावते. थंडी जास्त असेल तर टोकं कडक, म्हणून वॅक्सही कडक लागतं, हिरवं. ऊब असेल तर कण मऊ, म्हणून वॅक्स मऊ, जांभळं किंवा लाल. उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या जुन्या बर्फाचे कण गोटे होऊन बसतात, ते कशातच रुतत नाहीत. तिथे ट्यूबमधलं चिकट क्लिस्टर लागतं. इतकं कळलं की वॅक्सचं निम्मं शास्त्र आलं. उरलेलं निम्मं म्हणजे शून्य अंश.

माझं घोडं तिथेच अडलं, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑस्लो फ्योर्डच्या काठावर आहे. हिवाळ्यात इथला पारा शून्याच्या अवतीभवती तळ्यात-मळ्यात खेळत असतो. सकाळी उणे दोन, दुपारी अधिक एक, संध्याकाळी पुन्हा उणे. शून्याला पडणारा ताजा बर्फ हा वॅक्सचा जुना वैरी. त्या कणांवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. कडक वॅक्स लावलं तर ते धरतच नाही, चढावर माणूस जागच्या जागी पाय मारत राहतो. मऊ वॅक्स लावलं तर कण त्यात रुततात ते रुततातच, सुटत नाहीत. त्यांच्यावर पुढचे कण चिकटतात, त्यांच्यावर आणखी.

सोंग्सवानहून उल्लेवोलसेतेरकडे जाणारा रस्ता बऱ्याच जणांना माहीत असेल. मेट्रोचं शेवटचं स्टेशन, तळं, मग जंगलातून हळूहळू चढण, आणि वर गरम बन आणि काळ्या बेदाण्याच्या सरबताचा वाफाळता पेला. एका रविवारी याच वाटेवर मोठमोठ्या पाकळ्यांचा बर्फ पडत होता, पारा शून्यावर चिकटलेला. जांभळं वॅक्स लावून निघालो, सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. तळ्याच्या कडेपर्यंत छान. मग उजवी स्की जड वाटली. मग डावी. मग दोन्ही सरकेनाशा झाल्या. पाय उचलून पाहिलं तर पावलाखाली चार बोटं जाडीचा बर्फाचा थर, मागे निमुळता, पुढे बोथट. काठीने ठोकला तर अर्धा पडला. एका स्कीची कड दुसरीवर घासून उरलेला काढला. दहा पावलं नीट, अकराव्याला पुन्हा उंच टाच. शेवटी बाजूला होऊन स्की काढली, हातमोजे दातात धरले आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायला घेतलं. निघालं ते वॅक्स आणि बर्फ यांचं राखाडी-जांभळं मिश्रण, पट्टीवरून बोटावर आणि बोटावरून झिपवर. खालची बाजू ओली झाली होती, ओल्यावर नवं वॅक्स बसत नाही. हाताच्या उबेने पुसून पाहिलं, बोटं बधिर झाली, स्की ओलीच. तेवढ्यात पंचाहत्तरीच्या एक आजी शांतपणे शेजारून चढून गेल्या. त्यांनी 'हेइ हेइ' म्हटलं, मी पण म्हटलं. त्यांच्या स्कीखाली स्किन होती.

आता कुणी म्हणेल, एखादा दिवस जातो असा. जातो, मान्य. पण ऑस्लोत राहणाऱ्याच्या वाट्याला असे दिवस एखादे येत नाहीत. आणि घरातून थर्मामीटर बघून अचूक वॅक्स लावलं तरी सुटका नाही. फ्रोग्नरसेतेरेनचं स्टेशन 469 मीटरवर आहे आणि सोंग्सवानचं तळं 183 मीटरवर. वरून खाली येताना जवळपास 300 मीटर उतरतो आपण, म्हणजे पाऱ्यात ढोबळ दोन अंशांचा फरक. वर उणे एक आणि कोरडा, खाली अधिक एक आणि ओला. वर जे वॅक्स छान धरतं तेच खाली ढेकळं करतं. एकाच फेरीत दोन ऋतू.

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं नाही. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या महिला रिलेत पाचव्या आल्या आणि पुरुष चौथे. मऊ, उबदार बर्फावर स्की चालत नव्हत्या, आणि देशभर चर्चा कशाची, तर वॅक्स लावणाऱ्यांची. त्या चमूकडे प्रत्येक स्पर्धेला सामानाचा आख्खा ट्रक असतो आणि पहाटेपासून बर्फाचं तापमान मोजणारी माणसं असतात. 2025 मध्ये त्रोन्हाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्याच क्लेबोने सहाच्या सहा सुवर्णपदकं घेतली. त्याच्या पायाखालची स्की तुम्हाला दुकानात मिळेल एक वेळ, तो ट्रक नाही मिळणार. शून्याचा ताजा बर्फ असला की स्पर्धेतले लोक कधी कधी वॅक्सचा नाद सोडून पावलाखालचा भाग सँडपेपरने खरवडून खडबडीत करतात आणि तशाच स्कीवर धावतात. ज्या दिवशी या लोकांनी हात टेकले, त्या दिवशी आपण किचनच्या ओट्याजवळ उभं राहून कुठल्या रंगाची कांडी उचलायची?

क्लिस्टरबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्याबद्दल सगळेच सावध करतात. ते हाताला, पँटला, गाडीच्या सीटला आणि मुलांच्या केसांना लागतं. खोबरेल तेलाने हातावरचं निघतं, कपड्यांवरचं निघेलच असं सांगता येत नाही. रविवारच्या गर्दीत मेट्रोच्या एक नंबर लाइनवर कुणाची तरी क्लिस्टर लावलेली स्की माझ्या पाठपिशवीला टेकली होती, तो मधासारखा पट्टा अजून आहे. तरीही ठणठणीत बर्फावर क्लिस्टर इतकं जबरदस्त धरतं की त्याला नावं ठेवताना जीभ जरा अडखळते.

मला निर्णायक वाटलं ते ढेकळांचं. आणि त्याच्या जोडीला ढेकळं होतील का, हा आदल्या रात्रीपासूनचा विचार. हवामानाच्या ॲपवर तासातासाचा पारा बघायचा, शीफोरेनिंगेन या स्की संघटनेच्या पानावर ट्रॅक कधी मारलाय ते बघायचं, मग कांडी ठरवायची, लावायची, बुचाने घासायची, स्की बाल्कनीत गार करत ठेवायची. घरातली ऊबदार स्की तशीच बर्फावर ठेवली तर लगेच बर्फ धरते, म्हणून ते गार करणं टाळता येत नाही. डिसेंबरात सूर्य सव्वातीनच्या आसपास मावळतो. ऑफिस सुटल्यावर दिव्यांच्या ट्रॅकवर तासभर जायचं तर हे सगळं त्या तासातूनच कापलं जातं. नमनालाच घडाभर वॅक्स.

आता स्किनकडे. तिचंही गुणगान ऐकून दुकानात जाऊ नका, तिला स्वतःच्या खोडी आहेत.

पावलाखाली दोन अरुंद पट्ट्या, कधी एकच रुंद, मोहेरच्या म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, नाहीतर मोहेर आणि नायलॉन मिसळलेल्या. केस मागच्या दिशेने झुकलेले, त्यामुळे स्की पुढे जाते आणि मागे येताना अडते. मोहेर सरकायला बरं, नायलॉन टिकायला बरं, म्हणून बरेच जण दोन्ही मिसळतात. वॅक्स काही नाही. स्की घेतली, बूट अडकवले, निघालो. पुढच्या-मागच्या टोकांना घसरायचं वॅक्स मात्र अधूनमधून लागतंच. कंपन्यांच्या जाहिराती हे जरा हळू आवाजात सांगतात.

खोड पहिली, ओढ. चांगल्या थंडीत वॅक्सच्या स्कीवरून उतरून स्किनवर उभं राहिलात तर लगेच जाणवतं की कुणीतरी मागून शर्ट धरलाय. सपाटीवर बारीक सरसर आवाज येत राहतो. उतारावर सोबतचे पुढे निघून जातात. मला या शेवटच्या गोष्टीचं फारसं वाईट वाटलं नाही, उलट फ्रोग्नरसेतेरेनहून खाली येणाऱ्या वळणांवर जरा हायसंच वाटलं. पण ज्यांना वेग हवा त्यांना ही ओढ सलेल.

दुसरी खोड जास्त गंभीर. काचेसारख्या गोठलेल्या ट्रॅकवर स्किन घसरते. वितळून रात्री गोठलेल्या सकाळी केसांना धरायला काही मिळत नाही, आणि तेव्हा तुम्ही काहीही करू शकत नाही. वॅक्सवाला तिथे थांबतो, क्लिस्टर लावतो, पुढे जातो. स्किनवाला हातांच्या जोरावर चढतो किंवा पायऱ्या करत चढतो. वॅक्सची बाजू घेणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की वॅक्सची स्की रोज दुरुस्त करता येते, स्किनची खरेदीच्या दिवशीच ठरून जाते. मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझं उत्तर इतकंच की रोज दुरुस्त करता येते म्हणजे रोज दुरुस्त करावीही लागते.

आणि म्हणूनच स्किनची स्की घेताना वजनाचा हिशेब चुकला तर पैसे पाण्यात. स्कीला मध्ये कमान असते. दोन्ही पायांवर सारखं उभं राहिलं की पट्टी जमिनीपासून जेमतेम सुटलेली हवी, आणि एका पायावर पूर्ण वजन टाकलं की टेकलेली हवी. कमान कडक असेल तर पट्टी टेकत नाही आणि तुम्ही घसरता, मऊ असेल तर सतत घासते आणि तुम्ही ओढत जाता. वॅक्समध्ये हे थोडंफार सांभाळून घेता येतं, पट्टा लांब लावा, एक थर जास्त द्या. स्किनमध्ये सोय म्हणजे हलवता येणारं बाइंडिंग. ते पुढे सरकवलं की पकड वाढते, मागे नेलं की स्की पुढे जास्त सरकते. बरीच बाइंडिंग आता ट्रॅकवर उभ्या उभ्या सरकवता येतात. मी तरी त्याशिवाय स्किन घेऊ नका असंच म्हणेन. गोठलेल्या सकाळचं दुखणं त्याने पूर्ण जात नाही, पण निम्मं जातं.

स्किनवरही बर्फ धरतो, हे कुणी लपवत असेल तर लपवू देऊ नका. ओलसर ट्रॅकवरून एकदम थंड सावलीत शिरलं की ओले केस गोठतात. त्यासाठी फवारा मिळतो, निघण्याआधी मारायचा आणि केसांच्या दिशेने पुसून घ्यायचा. मारलेला असेल तर हा त्रास क्वचित होतो, आणि झाला तरी बर्फ हाताने खरवडला की काम होतं, खाली चिकट असं काही नसतं. मार्चमध्ये ट्रॅकवर झाडांच्या सुया, साली आणि आदल्या लोकांचं वॅक्स पडलेलं असतं, ते पट्टीत अडकतं. इथे क्लीनर लागतो. इस्त्रीने घसरायचं वॅक्स लावत असाल तर इस्त्री पट्टीवर फिरवायची नाही. पट्टी झिजली की दुकानात बदलून मिळते. इतकीच देखभाल.

तंत्राची गोष्ट मघाशी अर्धवट सोडली होती. वॅक्सची स्की धरण्यासाठी योग्य क्षणी, योग्य पायावर, पूर्ण वजन खाली टाकावं लागतं. लहानपणी शिकलेल्यांना हे श्वास घेतल्यासारखं येतं. मोठेपणी शिकलेला माणूस वजन दोन्ही पायांवर वाटून ठेवतो, कारण त्याला पडायचं नसतं. मग वॅक्स बर्फाला नीट टेकतच नाही, स्की मागे सटकते, आणि आपण दोष वॅक्सच्या रंगाला देतो. स्किन इथे जरा उदार आहे. अर्धवट किकलाही ती काहीतरी धरते. खडूस प्रशिक्षक म्हणतील की याने सवय बिघडते. बिघडत असेलही. पण ज्याला दर रविवारी उल्लेवोलसेतेरचा बन खायचाय त्याच्या सवयींची इतकी चिंता कुणी करू नये.

आणखी एक गोष्ट हल्लीच्या हिवाळ्यांमुळे महत्त्वाची झालीये. नोव्हेंबर-डिसेंबरात नैसर्गिक बर्फ नसला की आपण तोफांनी बनवलेल्या बर्फाच्या छोट्या फेऱ्यांवर जातो. हा बर्फ भरड असतो, वाळूसारखा घासतो. ब्लू एक्स्ट्राचे थर त्यावर बघता बघता उडून जातात आणि शेवटच्या फेऱ्यांना पावलाखाली नुसतं प्लॅस्टिक उरतं. स्किन तिथे निमूट चालते. झिजत असणार तीही, पण एका संध्याकाळीत नाही.

पैशाचं थोडक्यात. एकाच दर्जाची स्किन वॅक्सपेक्षा सहसा जरा महाग पडते, पण वॅक्सवाल्याला कांड्या, बूच, पट्टी, क्लीनर, पुसायचा कागद असा संसार मांडावा लागतो आणि तो वाढतच जातो. जुनी वॅक्सची जोडी घेणार असाल तर सोबत मिळणारी वॅक्सची पेटी तपासा. फ्लोरिनवालं वॅक्स एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या मोसमापासून स्पर्धांतून हद्दपार केलंय आणि ते घरात इस्त्रीने वितळवून धुरात उभं राहण्यासारखं मुळीच नाही. ती डबी धोकादायक कचऱ्यात द्या. जुनी स्किन घेत असाल तर आधीच्या मालकाचं वजन विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण इथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

मुलांसाठी यातलं काहीच नको असं मी म्हणेन. अगदी लहानांना खवल्यांच्या तळाची स्की पुरते, वाढत्या पायाला दरवर्षी नवी लागते. खेळाचं सामान उसनं देणाऱ्या बुआच्या केंद्रातून फुकट मिळते. तीच सोय मोठ्यांनाही आहे. विकत घेण्याआधी तिथून किंवा मित्राकडून दोन्ही प्रकार आणून बघा, पण एकाच दिवशी बघू नका. एक दिवस थंडीचा घ्या आणि एक शून्याचा. थंडीच्या दिवशी वॅक्स जिंकेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

वॅक्स सोडताना एक गोष्ट मात्र हातची जाते आणि ती छोटी नाही. नॉर्वेत वॅक्स हा बोलण्याचा विषय आहे. देवगड की रत्नागिरी यावर आपल्याकडे जशी जेवणाची पंगत रंगते तसं इथे स्टेशनवर, लिफ्टमध्ये, कॉफी मशिनपाशी 'आज काय लावलंस?' यावर रंगतं. एरवी लिफ्टमध्ये छताकडे बघणारा शेजारी या प्रश्नावर पाच मिनिटं बोलतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला बूच कसं धरायचं ते दाखवलं आणि तिथून आमची ओळख झाली. स्किनवाल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. इस्टरला डोंगरावर गेलात तर बघाल, संत्रं सोलता सोलता, क्विक लुन्श चॉकलेट मोडता मोडता माणसं क्लिस्टरच्या जुन्या लढाया सांगत असतात, आणि तुमच्याकडे सांगायला काही नसतं. ज्यांना इथल्या लोकांत मिसळायला निमित्त हवंय त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

मग कुणी काय घ्यावं? ज्यांचं हुत्ते, म्हणजे सुट्टीचं घर, शुशोएन, बाइतोस्टोलेन किंवा तशा उंच, कोरड्या जागी आहे, किंवा ज्यांना तिथल्या मित्रांकडून दर महिन्याला आमंत्रण असतं, त्यांनी वॅक्स घ्यावी. तिथला पारा महिनोन्महिने ब्लू एक्स्ट्राच्या टप्प्यात राहतो आणि स्किनची ओढ विनाकारण सहन करावी लागेल. ज्यांच्या डोक्यात रेना ते लिलेहामर 54 किलोमीटरची बिर्केबाइनर शर्यत घोळतेय त्यांनीही वॅक्सची सवय करावी. पाठीवर साडेतीन किलोंची पिशवी घेऊन डोंगर ओलांडताना प्रत्येक किकची घसरण मोजून घ्यावीशी वाटते. अर्थात तिथल्या पहिल्या फळीतल्या लोकांचं बघून काही ठरवू नका. ते पकडीचं वॅक्स न लावताच नुसत्या दंडांच्या जोरावर काठ्या मारत जातात, स्वीडनच्या 90 किलोमीटरच्या वासालोपेतही तेच. ते वेगळ्या मातीचे लोक आहेत. आणि ज्यांना मुळात हे बुचाने घासणं, रंग निवडणं, चुकणं, पुन्हा लावणं यात रस वाटतो, त्यांना मी काही सांगायला जाणार नाही. तो छंद आहे आणि चांगला छंद आहे.

बाकीच्यांनी, म्हणजे ऑस्लोत राहणारे, ऑफिसनंतर दिव्यांच्या ट्रॅकवर जाणारे, रविवारी पोरांना घेऊन मेट्रोने निघणारे, ज्यांना पारा बघून नव्हे तर वेळ बघून निघायचं असतं, त्यांनी जरा स्किनकडे झुकून विचार करावा असं मला वाटतं. थंडीच्या दिवशी तुम्ही थोडे हळू जाल. शून्याच्या दिवशी तुम्ही जाल तरी. माझी वॅक्सची जोडी डोंगरावर जाताना गाडीच्या छतावर बांधली जाते, स्किनची दाराशीच उभी असते.

दुकानात स्किनसाठी वजन विचारतील तेव्हा अंघोळीनंतर काट्यावर दिसणारं सांगू नका. थर्मास, डबा, जादा जॅकेट आणि परतीच्या वाटेवर मुलाची जी पिशवी शेवटी तुमच्याच पाठीवर येते, ते सगळं धरून सांगा. कमान त्या वजनाला जुळायला हवी. आणि पैसे देण्याआधी दुकानातच सपाट फरशीवर स्कीवर उभे राहून खाली कागद घालून बघायला लावा. दोन्ही पायांवर असताना कागद हलला पाहिजे, एका पायावर आल्यावर अडला पाहिजे. नाही अडला तर दुसरी जोडी मागा, ते आणून देतात.